जळीत वॉर्डातला माझा राग

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. म्हणाले, "सिस्टर, यंदाच्या अंकासाठी तुम्ही लिहाच. सेवेतून लाभलेली शांती, असा विषय घ्या. तुमच्या ख्रिस्ती लोकांचं सेवेचं केवढं मोठं काम! काहीतरी प्रसन्न येऊ द्या."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर चिडले. नर्स म्हणून माझी सगळी नोकरी नाशिकच्या एका रुग्णालयात जळीत वॉर्डात गेली. तिथे प्रसन्न काय असतं? आणि शांती म्हणाल तर ती मला मिळालेली नाही. जे मिळालं ते निराळंच होतं. ते प्रभूकडून मिळालं, हेही मी लपवणार नाही. पण ते सांगायचं तर रागानेच सांगावं लागेल. संपादकांना चाललं तर छापतील.

आधी आमचं काम काय असतं ते सांगते. लोकांना वाटतं, भाजलेल्या माणसाला मलम लावायचं आणि गोड बोलायचं. तसं नसतं. भाजलेल्या अंगावरचं जुनं ड्रेसिंग सलाईनने भिजवून काढायचं, सुटलेली कातडी साफ करायची, नवं गॉज बांधायचं. औषध दिलेलं असलं तरी पेशंट ओरडतो. आम्हाला शिव्या देतो, आईला हाका मारतो. आपण हात थांबवायचा नसतो. आणि जखम भरायला लागली की खरी लढाई सुरू होते. भरताना कातडी आवळते. काखेत भाजलं असेल तर हात बाजूला पसरून ठेवावे लागतात, नाहीतर दंड बरगडीला चिकटतो. मानेला भाजलं असेल तर उशी द्यायची नसते. उशी दिली की हनुवटी खाली येते आणि तशीच छातीला जखडते.

मालेगावच्या एका यंत्रमाग कामगाराची मुलगी आमच्याकडे होती. तिचा बाप रोज तिच्यासाठी उशी घेऊन यायचा. कधी कापसाची, कधी तपकिरी रंगाच्या अभ्र्याची, एकदा तर घरून साडी दुमडून शिवून आणलेली. मी रोज ती काढून घ्यायचे. एक दिवस ते चाचा वॉर्डभर ऐकू जाईल असं ओरडले, "सिस्टर, आप इन्सान हो या जल्लाद? बच्ची को तकिया भी नहीं?" मी म्हटलं, "चाचा, तिला उद्या आकाश बघू द्यायचंय की आयुष्यभर पायाचे अंगठे?" वर्षभराने ते मुलीला घेऊन भेटायला आले. मुलीने मान वर करून छताच्या पंख्याकडे बोट दाखवलं.  चाचांनी आणलेली खजुराची पिशवी टेबलावर ठेवली आणि पाठ फिरवून डोळे पुसले. असे दिवसही असायचे.

पण अशा दिवसांवर वॉर्ड चालत नव्हता. बहुतेक खाटांवर तरुण बायका असायच्या आणि बहुतेक केसपेपरवर एकच वाक्य असायचं. पूर्वी 'स्टोव्हचा भडका उडाला' असायचं, मग 'गॅसचा भडका उडाला' आलं. काही खरंच अपघात असायचे. पण ज्या बाईची पाठ जळलीय आणि हाताचे तळवे शाबूत आहेत, ती गॅसपुढे उभी कशी होती? हे मला एकटीला कळत होतं असं नाही. डॉक्टरांना कळत होतं, हवालदाराला कळत होतं, फरशी पुसणाऱ्या मावशींनाही कळत होतं. माहीत सगळ्यांना होतं, लिहीत कोणी नव्हतं.

मी चौथ्या पिढीची ख्रिस्ती. नाताळाला करंज्या, पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, नवी साडी, रविवारी चर्चमध्ये उजवीकडचा तिसरा बाक. माझे यजमान शिक्षक होते, ते अचानक गेले. मुलगा पुण्याला नोकरीला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत माझ्यातली प्रार्थना आटली. तोंड म्हणायचं, आत काही हलायचं नाही. ज्याला एवढ्या बायकांचं ओरडणं ऐकू जात नाही त्याला माझं पुटपुटणं काय ऐकू जाणार, असं वाटायचं. हात काम करत होते. बाकी मी कुठे होते, मलाच ठाऊक नाही.

अशा वेळी रेखा आली.

रेखा दिंडोरीकडच्या एका गावातली सून, वय पंचविशीच्या आत. घरची द्राक्षबाग. मान, पाठ, डावा हात भाजलेला. सासू उशाशी, नवरा दारात. हवालदार जबाब घ्यायला आला आणि सासू तिथेच उभी राहिली.

"काय झालं बाई?" हवालदाराने विचारलं.

"सांग ना, गॅस भडकला म्हून," सासू म्हणाली.

"गॅस भडकला," रेखा म्हणाली.

मी म्हटलं, "हवालदारसाहेब, यांना जरा बाहेर काढा. आणि तिची पाठ बघा."

"सिस्टर, पेशंट स्वतः बोलतीये ना? तुम्ही तुमचं ड्रेसिंग करा," असं म्हणून त्याने पेनाचं टोपण लावलं. झाला जबाब.

ड्रेसिंगच्या खोलीत नातेवाइकांना येऊ देत नाहीत, जंतुसंसर्ग होतो म्हणून. त्यामुळे बाई एकटी सापडते ती तिथेच. चार-पाच दिवसांनी पाठीचं गॉज भिजवत असताना रेखा म्हणाली, "सिस्टर, एक इचारू? खोटं बोल्लं तर जखम भरत नाय का?"

"जखमेला काही कळत नाही बाई. का गं?"

 ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "डिझेल व्हतं. ट्रॅक्टरचं. त्यांनी मागून वतलं. आत्याबाई बघत व्हत्या."

कारण काय, तर ती पिंपळगावला पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडायच्या कामाला जाऊ लागली होती. टेम्पोतून बायकांबरोबर जायची, यायची. नवऱ्याच्या डोक्यात संशय बसला. तेवढंच कारण.

"मग जबाबात का नाही सांगितलंस?"

"पोरगी त्यांच्यापाशी हाय ना. तीन वर्साची. आधी पिहू माझ्या आईकडं आली पायजे. मग मी कुनालाबी सांगते."

मी तिच्या आईला फोन केला. ती बाई चांदवडकडची, विधवा, पण धीराची. ती सरळ लेकीच्या सासरी गेली, "नातीला आईचं तोंड दाखवून आणते" म्हणाली आणि पिहूला घेऊन जी निघाली ती थेट आपल्या गावी. तिकडून फोन आला, "आली हो सिस्टर पोरगी. जेवली बी." मी रेखाला सांगितलं. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "आता बोलवा कोन येतंय ते."

डॉक्टरांनी पेशंटला पुन्हा जबाब द्यायचाय असं केसपेपरवर लिहिलं. ते तरुण होते, तरी लिहिलं. जबाब घ्यायला नायब तहसीलदार आले. नातेवाइकांना बाहेर काढलं. रेखाने सगळं सांगितलं, एकदाही न अडखळता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मीही बाहेरच होते. नियमच तसा आहे.

पुढच्याच आठवड्यात रुग्णालयाच्या दारात पंधरा-वीस माणसं जमली. त्यांच्यात रेखाचा दीर होता, बाकीचे कुठले देव जाणे. तक्रार अशी की, ही सिस्टर ख्रिश्चन आहे. पेशंटच्या कानात येशूची प्रार्थना म्हणते. आमच्या सुनेला बाटवायला निघालीय आणि घर मोडायला शिकवतेय. घोषणा झाल्या. एकजण मला उद्देशून म्हणाला, "यांचे बापजादे गव्हाच्या पोत्यासाठी बाटले, आता दुसऱ्यांना बाटवतात!"

मला हसू आलं असतं, पण येईना. माझे पणजोबा या शहराच्या रस्त्यावर कुणाला शिवू नयेत म्हणून कडेकडेने चालायचे. ज्या दिवशी कोणीतरी त्यांना शेजारी बसवून घेतलं त्या दिवशी ते ख्रिस्ती झाले. त्याला तुम्ही पोतं म्हणता? आणि एका बाईवर डिझेल ओतलं गेलं, त्याबद्दल त्या पंधरा-वीस जणांत एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. तिचा धर्म वाचवायला आले होते. ती वाचली की नाही, हे कोणी विचारलं नाही.

अधीक्षकांनी मला बोलावलं. "सिस्टर, तुम्ही तसं काही केलेलं नाही, हे मला माहीत आहे. पण वातावरण बघा ना." आमच्याकडे हा एक शब्द आहे, वातावरण. तो उच्चारला की कोणाला काही करावं लागत नाही. माझी बदली कपड्यांच्या भांडारात झाली. मी चादरी आणि गाऊन मोजू लागले, आणि तिकडे रेखाच्या उशाशी दुसऱ्याच सिस्टरने माया म्हणून उशी ठेवली. मावशींनी मला येऊन सांगितलं. मी जिन्यावरून धावत वर गेले, उशी काढली आणि परत खाली आले. त्याबद्दलही मला तोंडी समज मिळाली.

तरी परक्यांचा राग मी सोसला असता. पण त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या चर्चचे पाळक, म्हणजे पास्टर, आणि पंचमंडळातले दोघे घरी आले. मी चहा ठेवला. पाळक म्हणाले, "शालिनीताई, आपण मूठभर लोक. तुमच्या एकटीमुळे सगळ्या मंडळीला त्रास नको. एक माफीपत्र लिहून टाका, विषय संपेल."

"कशाची माफी, पाळकसाहेब?"

"नमतं घ्यायचं, ताई. आणि त्या घरच्यांनाही क्षमा करायला आपल्या प्रभूनेच शिकवलंय."

"जळाली कोण? क्षमा कोणी करायची ते तुम्ही आणि मी ठरवणार?"

पंचांपैकी एकजण म्हणाले, "ताई फार चिडल्यात." जणू मला ताप आला होता. ते चहा न पिता गेले. तीन कप तसेच राहिले. त्या रात्री मी ठरवलं की आता चर्चची पायरी चढायची नाही.

तरी रविवारी गेलेच. सवयीने म्हणा, भांडायला म्हणा. पुनरुत्थानाच्या सणानंतरचा पहिला रविवार होता. माझ्या तिसऱ्या बाकावरच्या बायका मला बघून सरकल्या, जागा करायला नव्हे. मी मागच्या बाकावर बसले. वाचन होतं ते, प्रभू मरणातून उठल्यावर शिष्यांमध्ये येतो आणि एक शिष्य म्हणतो की त्याच्या हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. उपदेश दरवर्षी एकच, की त्या शिष्यासारखी शंका घेऊ नका. पाळक यंदाही तेच सांगत होते आणि मी ऐकत नव्हते. मला ते हात दिसत होते.

मी जन्मभर हातच बघितलेत. आवळलेले, वाकडे भरलेले, पदराआड लपवलेले. आणि मला एकदम कळलं की, जो मरणातून उठू शकतो त्याला कातडी नितळ करणं काय अवघड होतं? त्याने केली नाही. व्रण तसेच ठेवले आणि पुढे केले. बघ म्हणाला, हात लाव. त्याने मारणाऱ्यांना क्षमा केली, हे खरं. पण काय झालं ते झाकलं नाही. आपलं आपण पडलो, असं तो म्हणाला नाही. क्षमा आणि खोटा जबाब या दोन गोष्टी एक नाहीत, आणि आमच्या चर्चने, आमच्या रुग्णालयाने, आमच्या सगळ्या गावाने त्या एक करून टाकल्या होत्या.

मला रडू फुटलं. आवाज न करता नाही, चांगलं मोठ्याने. लोक वळून बघू लागले. कोणाला वाटलं मला पश्चात्ताप झाला. पाळकांनीही तसंच समजून माझ्याकडे बघून मान हलवली. हलवू दे. इतकी वर्षं मी ज्या रागाला पाप समजून दाबत होते, तो वाहायचा होता, वापरायचा होता, असं मला त्या बाकावर समजलं. तो राग आधी प्रभूचा होता. माझ्या वाट्याला त्यातला थोडासा आला होता.

चालत घरी निघाले. सीबीएस बसस्थानकाच्या सिग्नलला गर्दीत थांबले तेव्हा लक्षात आलं की माझे ओठ हलताहेत. मी देवाशी बोलत होते. भांडतच होते, पण बोलत होते. यजमान गेल्यापासून पहिल्यांदा.

माफीपत्र मी लिहिलं नाही. उलट लेखी मागितलं की माझी चौकशी करा आणि पेशंटला विचारा. अधीक्षकांना ते नको होतं, पण आता टाळता येईना. चौकशीला तीन जण बसले. रेखाला चाकाच्या खुर्चीतून आणलं. मी समोरच होते.

"या सिस्टर तुम्हाला येशूबद्दल काय सांगायच्या?" अध्यक्षांनी विचारलं.

रेखा म्हणाली, "मान वर कर. बोटं हालव. हात आखडू नको. उशी घेऊ नको. रोज ह्येच. दुसरं काय बी नाय बोलल्या."

"प्रार्थना वगैरे?"

"ड्रेसिंग करताना पुटपुटायच्या. मी एकदा कान देऊन ऐकलं. 'झालं गं, झालं, थोडंच राह्यलं.' आता येशू असंच बोलत आसंल तर मला ठावं नाय, साहेब."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मी पुन्हा वॉर्डात आले.

आता सगळं गोड झालं असं वाटत असेल तर तसं नाही. खटला उभा राहिला. नवऱ्याच्या वकिलाने सगळा भर पहिल्या जबाबावर दिला. बाई स्वतः म्हणाली होती गॅस भडकला. दुसरा जबाब नर्सने पढवलेला. मला साक्षीला बोलावलं तेव्हा त्याने पहिलाच प्रश्न केला, "तुमचा धर्म कोणता?" मी म्हटलं, "ख्रिस्ती. पण डिझेलचा वास सगळ्या धर्माच्या नाकाला येतो." न्यायाधीशांनी मला विचारलं तेवढंच बोलायला सांगितलं. शेजारच्या बाया आधी पोलिसांपुढे बोलल्या होत्या, कोर्टात फिरल्या. नवरा आणि सासू संशयाचा फायदा मिळून सुटले. अपील अजून चालू आहे. हे लिहितानाही माझे हात गरम होतात.

रेखाला पिहू मिळाली. दोघी आता पिंपळगावला रेखाच्या आईसोबत राहतात. ज्या कामापायी जळाली त्याच पॅकहाउसच्या कामावर ती परत गेली, आणि आज तिच्या हाताखाली वीस बायका द्राक्षं निवडतात. बाह्या दुमडून काम करते, कोणी हाताकडे बघितलं तर बघू देते.

चर्चमध्ये मला अजून विचारतात, "मग त्या मुलीने प्रभूला स्वीकारलं का?" नाही. ती वर्षातून दोनदा सप्तशृंगीच्या गडावर जाते आणि मला प्रसाद आणून देते, मी खाते. मी त्यांना उलट विचारते, "आपण तिला कधी स्वीकारलं होतं?" मग विषय बदलतो. एकदा परगावच्या एका मोठ्या ख्रिस्ती सभेत मला साक्ष, म्हणजे देवाचा आलेला अनुभव, सांगायला बोलावलं होतं. आधी सांगितलं, शेवट जरा चमत्काराचा करा, लोकांना बरं वाटतं. मी गेले नाही. आतून मेलेली सिस्टर जिवंत झाली, हा चमत्कार त्यांना पुरेसा वाटत नसेल तर माझा इलाज नाही.

निवृत्त झाल्यावर मी घरी बसले नाही. दर मंगळवारी जळीत वॉर्डात जाते. रेखाची मंगळवारची सुट्टी असते, तीही येते. आम्ही फार काही करत नाही. जबाब घेताना नातेवाईक बाहेर असावेत, हा नियम आधीपासूनच आहे. तो पाळला जातो की नाही, ते आम्ही दारात उभं राहून बघतो. आता नवे अधीक्षक आहेत, ते आम्हाला अडवत नाहीत. नाहीतरी मी ऐकलं नसतं.

गेल्याच महिन्यात सिन्नरकडची एक मुलगी आली होती. तिच्या खाटेपाशी नवरा ठाण मांडून बसलेला. महिला पोलीस जबाबासाठी आल्या. मी त्याला म्हटलं, "दादा, बाहेर चला."

"तुम्ही कोण?"

"मी इथली जुनी सिस्टर. चला, चहा पाजते."

"मला नको चहा."

"मग नुसते उभे राहा माझ्याबरोबर," असं म्हणून मी दंडाला धरून त्याला उठवलं. पोलीसबाईंनीही आवाज चढवला. तो निघाला. रेखा त्या मुलीजवळ स्टुलावर बसली होती. मी त्याला व्हरांड्यात पोचवून दाराशी परत आले तेव्हा मुलगी तिला विचारत होती, "ताई, खरं सांगितल्यावर काय होतं?"

मला वाटलं, रेखा धीर देईल, सगळं चांगलं होईल म्हणेल. ती तसं म्हणाली नाही.

"लय तरास होतो," रेखा म्हणाली. "लोक फिरतात. नवरा सुटू बी शकतो. माझा सुटला."

"मग?"

"मग काय. मी जिती हाय. पोरगी माझ्याजवळ झोपती. सकाळी उठल्यावर मला कुनाचं खोटं सांभाळावं लागत नाय."

मुलीने छताकडे बघितलं. पोलीसबाई पेन हातात धरून थांबल्या होत्या, त्यांनीही घाई केली नाही. व्हरांड्यातून नवऱ्याने तिला नावाने हाक मारली. एकदा, मग मोठ्याने दुसऱ्यांदा. तिने तिकडे मान वळवली नाही.

"लिहा, मॅडम," ती म्हणाली.